प्रत काढलीत का?

४ फेब्रुवारी

संगणक पुन्हा घुं-घुं करतोय. सुरू व्हायला एवढा वेळ, की तोवर माझी दाढी, अंघोळ आणि थोडंसं वैराग्य होऊन जातं. आज झाकण उघडलं. आत इतकी धूळ, की बी टाकलं असतं तर उगवलं असतं! ब्रशने झाडली, झाकण लावलं. एक स्क्रू उरला. आवाज मात्र कमी झाला. उरलेल्या स्क्रूची घरात वाच्यता नाही.

एरवी मी या डब्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण आता त्यात सासूबाईंचा आवाज आहे. डोक्यात गुठळी झाली तेव्हापासून त्या आमच्याकडे असतात. हातपाय सावरले, सगळं समजतं, बोलणं तेवढं गेलं. बोलणं शिकवायला मॅडम येतात, त्या म्हणाल्या, 'त्यांचा स्वतःचा जुना आवाज ऐकवा. रोजची, छोटी वाक्यं. त्या मागोमाग जीभ हलायला लागते.' आजारपणाआधी सासूबाई हिला फोनवर रोज बोलके निरोप पाठवायच्या. फोन भरला म्हणून हिने ते सगळे संगणकात हलवले आणि फोन देऊन टाकला. म्हणजे आवाज आहे तो तिथे आणि तिथेच.

हिची नोकरी दिवसभराची, माझी शाळा अर्ध्या दिवसाची. तेव्हा वाक्यं निवडायचं काम माझं.

६ फेब्रुवारी

ऐकले निरोप. आणि जन्माचं कल्याण झालं.

लग्नापासून आजवर सासूबाईंनी मला 'जावईबापू, बसा', 'जावईबापू, दमला असाल' याखेरीज शब्द उच्चारलेला नाही. लेकीला पाठवलेल्या निरोपांत जावईबापू कुठेच नाहीत. एक गाढव आहे.

'त्या गाढवाला सांग, गॅस बंद करून जा.' 'गाढवाने छत्री परत इथेच टाकली.' 'गाढवाचा चष्मा फ्रिजमध्ये? बरं, भाजीबरोबर चिरला नाहीस ना?' 'त्या गाढवाहून तुझा भाऊ बरा, निदान कपडे वाळत घालतो.' आणि एक, मोठा उसासा टाकून — 'एवढी शिकलीस, आणि त्या गाढवात काय पाहिलंस गं?'

द्वितीया, तृतीया, षष्ठी, पंचमी, सप्तमी! मी वर्षानुवर्षं फळ्यावर 'देव' चालवून दाखवतोय. इतका चालता-बोलता शब्द कधी हाती लागला नव्हता. संबोधन तेवढं कुठे नाही. कसं असेल? तोंडावर जावईबापू!

सगळे पुन्हा ऐकले. मग आणखी एकदा. आमचं शिक्षणच कानाचं — गुरुजी म्हणणार, आम्ही मागून म्हणणार.

९ फेब्रुवारी

पहिला प्रयोग. स्पीकर सासूबाईंच्या पलंगाजवळ. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, ओठ हलत होते. मी दारात उभा. तेवढ्यात 'त्या गाढवाला सांग' लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि चक्क घोरायला लागल्या.

मॅडम खूश! म्हणाल्या, 'किती छान प्रतिसाद आहे.'

१२ फेब्रुवारी

आज तर ओठांतून 'ग' आला. ग की घ, यावर मॅडमचं आणि माझं एकमत नाही. हिने मात्र घरभर फोन केले. (घरात तीनच माणसं आहेत, पण तिने ते जमवलं.)

रात्रीच्या जेवणाआधी हिच्या धाकट्या भावाचा फोन. तो संगणकांचंच काम करतो. बायकोच्या भावाला संस्कृतात श्यालक म्हणतात. त्या शब्दाचं पुढे काय झालं, ते गाडी आडवी आली की लोक रस्त्यात ऐकवतात. मी मूळ रूप वापरतो.

श्यालक : 'भाऊजी, आईचे आवाज एकाच ठिकाणी आहेत? एक प्रत म्हणजे शून्य प्रत! पेनड्राइव्हवर घ्या आणि तो काढून कपाटात ठेवा. आणि भलत्यासलत्या मेसेजवर बोट लावू नका.'

मी म्हटलं, माझ्याकडे चाळणी आहे. व्याकरण. 'आपला संगणक धोक्यात आहेत, त्वरीत संपर्क करा' — कर्ता एक, क्रियापद अनेकांचं, वर 'त्वरित'ची री दीर्घ! असल्या माणसाला मी घराची किल्ली देईन होय? वर्तमानपत्रांना चुका कळवणारी पत्रं लिहीत आलोय मी. चोराला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, हा माझा सिद्धान्त.

'सिद्धान्त राहू दे,' श्यालक म्हणाला. 'प्रत काढा.'

१३ फेब्रुवारी

पेनड्राइव्ह आणला. वेष्टन फोडायला कात्री सापडली नाही.

१५ फेब्रुवारी

ही : 'प्रत काढलीत का?' — उद्या.

१६ फेब्रुवारी

संगणकावर आज एक पत्र आलं. उतरवून ठेवतो —

'आपल्या संगणकाच्या संरक्षणाची मुदत संपुष्टात येत आहे. नूतनीकरणासाठी कृपया खालील दुव्यावर टिचकी द्यावी.'

नूतनीकरण! नू दीर्घ! शिक्षण खात्याची परिपत्रकंसुद्धा हा नू ऱ्हस्व काढतात. 'दुवा' म्हटलंय, 'टिचकी' म्हटलंय. कोणी तरी व्यासंगी माणूस आहे या कंपनीत. अशा माणसाला उत्तर द्यायलाच हवं.

दिली टिचकी.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

गेलं. सगळं गेलं.

एकही फाइल उघडत नाही. नावांच्या शेपट्या बदलल्यात. पडद्यावर काळ्या चौकटीत मजकूर — 'आपल्या सर्व धारिका कुलूपबंद करण्यात आल्या आहेत. किल्ली हवी असल्यास रक्कम भरावी.' धारिका म्हणतो मेला! स्वल्पविराम जागच्या जागी!

श्यालकाला फोन.

'आधी नेटची वायर उपटा. उपटली? पैसे द्यायचे नाहीत, दिले तरी किल्ली मिळेलच असं नाही. बँकेचे पासवर्ड बदला, पण ताईच्या फोनवरून. आता सांगा, दाबलंत का कुठे?'

'दाबलं.'

'का पण?'

'नू दीर्घ होता.'

पलीकडून एकदम बारीक आवाजात — 'आईचे आवाज कपाटात ठेवलेत ना?'

माझ्यासमोर पेनड्राइव्ह. वेष्टनात. नव्या नवरीसारखा.

१७ फेब्रुवारी

हिला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पत्र वाचून एवढंच म्हणाली, 'किती मार्क दिलेत त्यांना?' आणि आईच्या खोलीत जाऊन बसली.

आज पलंगाजवळ स्पीकर लागला नाही. सासूबाई त्या जागेकडे बघत राहिल्या. मग बोटाने खुणावलं — लावा की. मी म्हटलं, 'जरा बिघडलाय.'

मला खोटं नीट बोलता येत नाही. आलं असतं तरी त्यांना कळलं असतं.

२१ फेब्रुवारी

श्यालक आला. दिवसभर संगणकात डोकं घालून बसला. कुलूप नवीन जातीचं आहे, त्याची किल्ली अजून कुणाला सापडलेली नाही. कुलूपबंद फाइली त्याने वेगळ्या डिस्कवर ठेवल्यात, कधी किल्ली निघालीच तर. बाकी संगणक कोरा करून पुन्हा मांडला. आता दोन प्रती होणार, एक कायम तारेपासून लांब.

'तुला नव्हते का निरोप पाठवत?' मी विचारलं.

'मला ती सरळ फोन करायची. जेवलास का, म्हणून.' चेष्टा करणारा मुलगा आहे, पण हे बोलताना स्क्रू शोधत असल्यासारखा खाली वाकला.

स्क्रू त्याला सापडलाही. 'भाऊजी, हा कुठला?'

नव्या पासवर्डसाठी मी संस्कृत समास सुचवला. त्याने माझ्या हातून कळफलक काढून घेतला.

२४ फेब्रुवारी

मॅडमना खरं सांगितलं. त्या हळहळल्या. म्हणाल्या, 'त्या काय बोलायच्या ते कुणाला आठवत असेल तर, निदान त्यांच्या ढंगात कुणी म्हणून दाखवा. आवाज नाही, तर वाक्यं तरी.'

ही म्हणाली, 'मी ऐकायचे आणि कामाला लागायचे. शब्द न् शब्द कुठले आठवायला?'

मी खाकरलो. सुरुवात केली. 'त्या गाढवाला सांग, गॅस बंद करून जा.' मग छत्री. मग फ्रिजमधला चष्मा, चिरण्यासकट. जिथे त्या थांबायच्या तिथे थांबलो, जिथे नाकातून हूं करायच्या तिथे हूं केलं. एक झालं की दुसरं आपोआप येत होतं, शाळेत यायचं तसं.

ही डोळे विस्फारून बघत होती. 'म्हणजे प्रत होती!'

२६ फेब्रुवारी

नवा दिनक्रम. शाळेतून आलो की हातपाय धुऊन सासूबाईंसमोर बसायचं आणि स्वतःला शिव्या द्यायच्या. त्या डोळे मिटत नाहीत आता. रस घेऊन ऐकतात. 'हूं'ला हूं देतात. पण शब्द नाही. त्या दिवशीचा 'ग'सुद्धा परतून आलेला नाही. मॅडम म्हणतात, या दिवसांत जे यायचं ते येतं, मग अवघड होत जातं. ही ऐकते आणि भांडी जोरात घासते.

शेवटचा सप्तमीचा निरोप अजून म्हटलेला नाही. बाकीचं ठीक आहे, पण ते — हिच्यासमोर?

१ मार्च

आज ही खोलीतच कपड्यांच्या घड्या घालत होती. सासूबाई वाट बघत होत्या. त्यांना बरोबर माहीत होतं कोणता राहिलाय. मी उसासा टाकला आणि म्हटलं, 'एवढी शिकलीस, आणि त्या... जावयात काय पाहिलंस गं?'

सासूबाईंनी पलंगावर हात आपटला. चूक!

पुन्हा म्हटलं. पुन्हा 'जावयात'च आलं. त्या उशीवरून उठून बसल्या, लाल झाल्या, थेट माझ्याकडे बघून —

'गाढवा!'

ढ स्वच्छ. संबोधन, एकवचन.