सारिकाची गणितं, वैष्णवीचं खातं

१० फेब्रु., सोम.
यादी आली. माजलगावच्या निवासी वर्गासाठी आमच्या शाळेतून एकच नाव, वैष्णवी. निवड यंदा एआयनं केली, गणिताच्या अ‍ॅपवर मुलं काय सोडवतात ते बघून. हेडसर खूश, पेढे मागवले. मी सारिकाचं नाव शोधलं. होतं, सगळ्यात खाली. "सराव नाही. मूलभूत तयारी आवश्यक." पाचवीत बसून सातवीची गणितं सोडवणाऱ्या पोरीला! डोकंच फिरलं. तिथं जागा मिळाली तरच बाप तिला शिकू देणार, नाहीतर पुढच्या वर्षापासून मेंढरांमागं. माझ्यासमोर बोललाय तो. पेढा तसाच कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

११ फेब्रु., मंगळ.
दिवाळीनंतर सारिका मेंढरं घेऊन आईबापाबरोबर गोदाकाठाला गेली, तेव्हापासून सराव नाही, कबूल. पण त्याआधी? जूनपासून रोज शाळा सुटली की महादेवअप्पांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून...

अरे देवा.

फोन एकच होता, अप्पांचा. खातं त्यांच्या लेकीचं, वैष्णवीचं. पोरी आळीपाळीनं बसायच्या, अवघड आलं की फोन सारिकाकडे सरकवायच्या. बोट कुणाचं, हे त्या एआयला काय कळणार? आणि ही व्यवस्था लावली कुणी? मीच. वर अहवालात लिहून दिलं, "प्रत्येक मूल स्वतःच्या खात्यावर सराव करते." शाबासकी पण घेतली, निर्लज्जासारखी.

१३ फेब्रु., गुरु.
हेडसरांना सांगून टाकलं. "बाई, कशाला उकरताय? मशीननं निवडलंय, त्यात वशिला न्हाई की भेदभाव न्हाई."
म्हटलं, सर, मशीनला आपणच खोटं सांगितलं.
"आपण न्हाई, तुमी. सही तुमची हाय."
खरंच आहे. नोटीस निघेल, बदली होईल. दिवसभर वर्गात उगाच ओरडत होते.

संध्याकाळी दुकानात गेले. अप्पांना सांगायचं म्हणून गेले आणि साबण घेऊन परत निघाले. वैष्णवी मागून पळत आली. "बाई, तितं गेल्यावर मला येतेल का वो? अवघड समदी सारिकानं केलती." रडकुंडीला आलेली. हिच्या गळ्यात पण मीच घोंगडं अडकवलं.

१४ फेब्रु., शुक्र.
उद्या दुपारी यादी कायम होणार. यादी काढणाऱ्यांना पत्र तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. भीती वाटते. इथं तरी खरं लिहिते.

पाचच्या सुमाराला सारिकाचा फोन, बापाच्या साध्या मोबाईलवरून. मागं मेंढरांचा गलका. "बाई, तुमी दिलेली वही भरली. दुसरी कवा देता?" देते म्हटलं. तिनं यादीचं विचारू नये, असं मनात चाललेलं.

"वैष्णवीचं नाव आलं म्हनं. लई छान झालं."

हो, म्हटलं.

"बाई, माझं कुटं चुकलं तेवढं सांगा. मी परत करते."

तुझं काही चुकलं नाही गं, एवढं म्हणाले. तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, रेंज गेली. परत लावला, लागला नाही. दोनदा, तीनदा.

चौथं पत्र पूर्ण झालंय. अहवाल खोटा होता, तो मी लिहिला, गणितं सारिकाची, सगळं आहे त्यात. पेन हातात आहे. सही राहिली आहे.