लाल झाकण, निळं झाकण आणि माझा गुडघा

नेपरव्हिल, इलिनॉय
१६ फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप सौ. वहिनींना मालिनीचा वाकून नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे तो तूर्त कागदावरच घ्यावा.)

तुमचं पत्र पोचलं. दादाचा खोकला हटला हे वाचून बरं वाटलं. तुमच्या धाकाने हटला असणार. तुमची कंबर कशी आहे ते तुम्ही लिहीत नाही, म्हणजे दुखत असणार. इकडची खुशाली म्हणाल, तर सुलेखा, जावई आणि नात वीणा मजेत आहेत. मी मजेत नाही. बर्फ खिडकीला टेकलाय, रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही, आणि मी सोफ्यावर पाय पसरून टीव्हीवर बाया साबणासाठी रडतात ते पाहते. निवृत्तीनंतर मुलीकडे सुखात राहावं म्हणून आले होते. सुख असं असेल, तर टेलिफोन एक्स्चेंजमधली रात्रपाळी काय वाईट होती?

मूळ मुद्दा तुमच्या पुडीचा आहे, आणि तो मी टाळतेय हे तुम्ही आत्तापर्यंत ओळखलं असेल. तेव्हा पाणी पिऊन बसा.

दिवाळीच्या सुमारास इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. (तो चर्चच्या तळघरात होतो. येशूच्या तसबिरीखाली चकल्या खाताना मला अजून शाळेतली सिस्टर बर्नडेट मागून येईल असं वाटतं.) तिथे मी चार बायकांना सांगितलं, की नागपूरला माझ्या वहिनीच्या हातची गुडघ्याची पूड घेऊन मी तीन महिन्यांत जिने चढायला लागले होते. बायका लगेच पदर सावरून जवळ आल्या. तेवढ्यात चंद्रशेखर, म्हणजे आपला जावई, हातात कागदी बशी घेऊन मागून म्हणाला, “पण आई, ह्याला प्रूफ काय?”

आता हा मुलगा औषधांच्या कंपनीत आहे. नवीन औषध निघालं की अर्ध्या आजाऱ्यांना ते देतात आणि उरलेल्या अर्ध्यांना तसंच दिसणारं पण आत काहीच नसलेलं देतात. कोणाला काय मिळालं हे ना आजाऱ्याला ठाऊक, ना देणाऱ्याला. शेवटी गुण कोणाला आला ते हा मोजतो. लोकांना फसवण्याचा पगार मिळतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी म्हटलं, प्रूफ माझा गुडघा. तो म्हणाला, तोच गुडघा ना, ज्याचं ऑपरेशन करा म्हणून डॉक्टर वर्षभर सांगतायत? चार बायकांसमोर! मी तिथल्या तिथे पैज लावली. घ्या तुमची परीक्षा. वहिनीची पूड जिंकली, तर ऑपरेशन हा शब्द ह्या घरात निघणार नाही. हरली, तर मी मुकाट्याने टेबलावर जाऊन पडेन.

बोलून गेले. तुमच्या पुडीवर माझा इतका विश्वास होता.

मंडळातल्या ज्यांचे ज्यांचे गुडघे दुखतात त्या सगळ्यांनी हौसेने नावं दिली. (इथे बर्फ उपसून सगळ्यांचेच दुखतात.) तुम्ही पाठवलेले दोन्ही डबे अर्ध्या लोकांना पुरले. उरलेल्यांसाठी खोटी पूड सुलेखाने केली. इथे सकाळी दुधात घालून कोंड्याच्या चकत्या खातात, माणसं, गुरं नव्हे. त्या तिने मिक्सरमधून काढल्या आणि तुमच्यासारखा कडूपणा यावा म्हणून इन्स्टंट कॉफी मिसळली. एक पूड लाल झाकणाच्या बाटल्यांत, दुसरी निळ्या झाकणाच्या. मग चंद्रशेखरच्या ऑफिसातल्या एका मित्राने आम्हाला खोलीबाहेर काढून कोणतं झाकण कशावर ते ठरवलं. मला निळं आलं. हो, मीही परीक्षेत होते. माझा गुडघा आरोपी आणि मी बाहेर बसू?

दर रविवारी सगळ्यांना फोन करून, दहापैकी किती बरं वाटतं ते विचारायचं काम मी माझ्याकडे घेतलं. चंद्रशेखर म्हणाला, आई, तुम्ही नको, लोकांना संकोच वाटेल. मी त्याला सांगितलं, की नागपूर ट्रंक बोर्डावर मंत्र्यांनासुद्धा माझ्याशी बोलताना संकोच वाटत नसे. (वाटत असे. पण जावयाला सगळंच सांगायचं नसतं.) इथे गावातल्या गावात फोन फुकट असतो, वहिनी! कोणी लाइन कापत नाही. तुम्ही पाहायला हवं होतं. “मावशी, एकदम आठ!” “काकू, काय सांगू, आठ!” लाल असो की निळं, सगळे आठ. मी रविवारमागून रविवार रिसीव्हर ठेवून जावयाकडे अशी बघायची, की तो बिचारा उठून बर्फ उपसायला जायचा.

मागच्या शनिवारी निकाल लागला. लाल आणि निळं सारखंच. चंद्रशेखर म्हणाला, म्हणजे पुडीचा काही उपयोग नाही. मी म्हटलं, म्हणजे दोन्हींचा उपयोग आहे. तो म्हणाला, आई, त्यातली एक कॉफी आहे. मी उठून चहाचं आधण ठेवलं.

पण तोही सुखात राहिला नाही. संध्याकाळी शोभा आणि त्र्यंबकराव चहाला आले. हे जोडपं आपल्याच बाजूचं, वर्ध्याचं. तिला लाल झाकण होतं, त्यांना निळं. चंद्रशेखरने सहज विचारलं, दोघं वेळेवर घेत होता ना? शोभा म्हणाली, “अहो, घेत होतो म्हणजे काय! मी पहिल्याच दिवशी दोन्ही बाटल्या एका स्टीलच्या डब्यात ओतल्या. एका घरात दोन औषधं कशाला? ह्यांना बरं वाटून मला नाही वाटलं, तर बरं दिसतं का ते?” चंद्रशेखरने बशी खाली ठेवली आणि तिथूनच बाकीच्यांना फोन लावायला सुरुवात केली. एकीने आपली बाटली डब्लिनला सासूकडे पाठवली होती आणि सासूचे आठ ती दर रविवारी मला कळवत होती. दोन मैत्रिणींनी, रंग वेगळे म्हणून, अर्धी अर्धी बदलून घेतली होती. आणि आणखी एकीने, पूड कडू लागते म्हणून, तूपगुळात लाडू वळले होते. संक्रांतीला तिळगुळाच्या शेजारी ठेवलेले ते काळे लाडू आम्ही सगळ्यांनी खाल्ले होते. चंद्रशेखरने तर दोन.

आणि ते आठ? त्र्यंबकरावांनी खुलासा केला. “मावशी एवढ्या प्रेमाने विचारतात. दहा म्हटलं तर तोंडदेखलं वाटतं, आणि सातच्या खाली म्हणजे त्यांच्या वहिनींचा अपमान. आठ बरे.” वीणा हसत हसत जमिनीवर लोळत होती. “आजी, यू आर द बेस्ट डेटा कलेक्टर एव्हर!” तिला मी जेवायला वाढलं नाही.

म्हणजे एवढं करून पूड जिंकलीही नाही आणि हरलीही नाही. मी हे म्हणून हुश्श करणार, इतक्यात चंद्रशेखर म्हणाला, एकच माणूस आहे ज्याने बाटली कोणाला दिली नाही, कोणाची घेतली नाही, आणि आठ सोडून दुसरा आकडा सांगितला. (लाडवाचं त्याने सोडून दिलं.) ती मी. मला सिस्टर बर्नडेटने बाकावर उभं करून खरं बोलायला शिकवलंय. ती सवय आता ह्या वयात मोडता येत नाही. माझे आकडे तीन, दोन, दोन, एक असे उतरत गेले होते. आणि निळ्या झाकणात, वहिनी, तुमचीच पूड होती.

हे लिहायला मला दोन कप चहा लागला. सगळ्या गावाला कॉफीने गुण आला आणि तुमच्या सख्ख्या नणंदेला तुमच्या पुडीने नाही. चंद्रशेखरने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “आई, एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही.” मला धीर देणारं एवढं एकच वाक्य मिळालं, तेही शत्रुपक्षाकडून.

तरी शब्द म्हणजे शब्द. मंगळवारी सर्जनकडे गेलो. ते माझा गुडघा काढून तिथे धातूचा आणि प्लास्टिकचा बसवणार. मी त्यांना विचारलं, ह्याची परीक्षा झालीय का? म्हणजे अर्ध्या लोकांचा पाय उघडून, आत काही न बसवता परत शिवून, न सांगता घरी पाठवलं होतं का? ते हसले. असं कसं करता येईल, मॅडम? मग हा गुडघा चांगला हे कशावरून ठरवलं? तर म्हणाले, पेशंट सांगतात ना, बरं वाटतं म्हणून.

मी जावयाकडे पाहिलं. तो भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचायला लागला. पण त्या विजयाचा मला काय उपयोग? तारीख एप्रिलची मिळाली आहे.

दादाला नमस्कार. त्याला ऑपरेशन ‘किरकोळ’ आहे असं सांगा.

तुमची,
मालिनी

ता. क. कॉफीची पूड संपली म्हणून बायका सुलेखाच्या मागे लागल्या आहेत. ती घेतल्यावर सकाळी तरतरी येते म्हणे. लाडूवाली तर पाच पौंड मागतेय. तुमच्या पुडीबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही. हे तुम्हाला सांगू नये असं सुलेखाचं मत होतं.

ता. क. दुसरं. चंद्रशेखर परवा जेवताना म्हणाला, नागपूरला गुण आला होता हे मी खोटं मानत नाही, पण तिथे वेगळं काय होतं ते सांगा. मी उगीच विचार करत बसले. तिथे तुम्ही उजाडताच पितळी चमचा आणि कोमट पाणी घेऊन माझ्या उशाशी उभ्या राहायच्या. मी गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. मग ‘ऊठ, म्हशीसारखी पडू नको’ म्हणून, हातात पिशवी देऊन मला बर्डीच्या बाजारापर्यंत भाजीला चालवत न्यायच्या, आणि वाटभर माझ्या माहेरचा उद्धार करायच्या, म्हणजे तुमच्याच सासरचा. इथे मी पूड घेऊन परत पांघरुणात जात होते. हे मी त्याला सांगितलं नाही. तो बाटलीत भरायला मागेल.

ता. क. तिसरं, आणि पत्राचं कारण एवढंच. व्हिसासाठी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे, तिकीट सुलेखा बघते आहे. मार्चअखेर निघा. दादाला चार महिने पोळ्या लाटता येत नसतील तर शिकू दे. मला भीती वगैरे काही वाटत नाही. फक्त टेबलावर नेताना कोणीतरी माझ्यावर मराठीतून ओरडणारं हवं. पूड आणू नका, विमानतळावर नसत्या चौकशा करतात. चमचा आणा.