पालखीचा पुढचा खांदा आणि माझं नऊ

२ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी नऊ. निदान तीस हवं म्हणे. लॅबची चूक. दिवेआगरात जन्म गेला, समुद्र घरापासून सहा मिनिटांवर, आणि मला ऊन कमी? मुंबईची माणसं आमच्या होमस्टेला येतात ती उन्हासाठीच.
मांड्या दुखतात हे खरं. खाली बसलो की उठताना खांब धरावा लागतो. वय, दुसरं काय. अठ्ठावन्न म्हणजे तसं वयही नाही.

३ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी हे कोणाकोणाला होतं ते सांगितलं. दिवसभर ऑफिसात बसणारे, म्हातारे, अंगभर झाकून फिरणारे, सावळे, जाडे, अंगावर पिणारी बाळं. मी एकेक खोडत गेलो. बाळ नाही, एवढं त्यांनी मान्य केलं. मग विचारलं, दुपारी कुठे असता? म्हटलं, वाडीत, उघड्यावर. सुपारीच्या वाडीत जमिनीला ऊन लागतं का, म्हणाल्या. मी म्हटलं, लागलं तर सुपारी करपेल ना! त्यांनी कागद ओढून औषध लिहिलं. डॉक्टर लोकांना बागायतीतलं कळत नाही.
दर रविवारी दुधातून एक पुडी, आठ आठवडे. इथे पालखी चार आठवड्यांवर.

५ फेब्रुवारी, पहाटे
कोणाजवळ बोलता येत नाही, म्हणून इथे. शिमग्याला देवीची पालखी निघते तेव्हा पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा. आजोबा, बाबा, आणि एकतीस वर्षं मी. उकिडवं बसायचं, दांडा खांद्यावर घ्यायचा, एका दमात उठायचं. आमच्या घरातलं कोणी उठलं नाही तर मान चुलतभावाकडे, म्हणजे बाबाजीकडे. मुलगा अजेय बंगलोरला, त्याला रजा नाही. बाबाजी तर हल्ली माझ्या गुडघ्यांकडेच बघत असतो. माझ्या हातून मान जायचा नाही. मेलो तरी नाही.
संकल्प: रोज ऊन. रोज पंचवीस उठाबशा.

६ फेब्रुवारी, सकाळी ६.५५
कोवळं ऊन घेतलं. गारठा होता म्हणून फुलशर्ट, मफलर, कानटोपी. बरंच बरं वाटतंय.
उठाबशा: दोन. दुसरी अर्धी.

११ फेब्रुवारी
आमची ही, म्हणजे कमळ, म्हणाली, कोवळ्या उन्हाने काही व्हायचं नाही, दुपारी बीचवर उघडे बसा. होमस्टेचा मालक बनियन काढून गेस्टांसमोर? त्यापेक्षा वाडीतच खुर्ची टाकली. एक कवडसा सापडला, ताटाएवढा. पण तो सरकतो. तासाभरात चौदा वेळा खुर्ची हलवली. डाव्या कानाचं व्हिटॅमिन डी आता नॉर्मल असणार.

१७ फेब्रुवारी
प्लॅन: उरलेल्या पुड्या एकदम घ्यायच्या. कमळने त्या तांदळाच्या डब्यात लपवल्या आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या ओरडल्याच. जास्त झालं तर किडनी जाते. शिवाय ताकद यायला महिने लागतात, यंदा वजन उचलू नका.
यंदा उचलू नका! वाडीत जाऊन रडलो. तिथे कोणी बघत नाही. बाबाजी बघत होता. म्हणाला, दादा, झेपत नसेल तर आधीच सांग हो. म्हटलं, डोळ्यात कचरा गेलाय.

२४ फेब्रुवारी, दुपारी १२
लाज सोडली. बीचवर, उघडा, पंधरा मिनिटं. एक बाई आली आणि काका, शहाळं गोड आहे का, म्हणाली. घरी आलो.

१ मार्च
उठाबशा: तीन. तिसरीला खांब धरला. पालखीला खांब नसतो.
बाबाजीला सांगून मोकळं व्हावं म्हणून त्याच्या अंगणापर्यंत गेलो. तिथून परत फिरलो. खरंच भीती वाटते. देवी घेईल सांभाळून.

५ मार्च
काल पालखी. ढोल सुरू झाले. बसलो. दांडा खांद्यावर घेतला. सगळे उठले. मी नाही.
बाबाजीने धावत येऊन दांड्याखाली खांदा घातला. पालखी सरळ राहिली आणि माझ्या डोक्यावरून पुढे गेली. लोकांना वाटलं, मी पालखीखालून जायचा नवस बोललोय. लगेच सात बायका आणि एक गेस्ट माझ्यापुढे रांगेने बसले. गुरव म्हणाला, एकतीस वर्षं खांदा दिला आणि आता देवीच्या वाटेत बसला, याला म्हणतात भक्ती. मी हात जोडले. दुसरं काय करणार?
पालखी गेली, लोक गेले. मी तिथेच, मातीत. थोड्या वेळाने बाबाजी परत आला. मनात म्हटलं, आला जखमेवर मीठ चोळायला. तो शेजारी टेकला. म्हणाला, वळणावरच दांडा गुरवाच्या निकेतकडे दिला, दादा. माझं सात आलंय. तुझे गुडघे बघत होतो ते एवढ्यासाठीच, की ही वेळ माझ्यावर येऊ नये.
त्याच्या पाठीवर हात ठेवला. चल, म्हटलं, घरी जाऊ.
मग कमळ हात द्यायला येईपर्यंत दोघंही बसून होतो.