चार बोटं पाणी

आबा, तुमच्यावर राग आहे म्हणून लिहायला बसलो. शाळा चौथीपर्यंतच झाली, अक्षर वाकडं येतं. पण घरात आता माझं बोलणं कुणी पुरतं ऐकून घेत नाही. तुम्ही जाऊन बारा-तेरा वर्षं झाली.

कुरुंदवाडात आपली वस्ती सगळ्यात खाली, नदीच्या अंगाला. पाणी वाढलं की लोक आधी आपल्या दारात यायचे. तुम्ही पाण्याच्या कडेला काठी रोवायचा, घरी येऊन चुलीपुढं चहा प्यायचा, आणि परत जाऊन काठीला पाणी किती चढलं ते बोटांनी मोजायचा. चार बोटांच्या आत असलं तर म्हणायचा, “ऱ्हावा निवांत.” जास्त असलं तर सगळी वस्ती वर उंचावरच्या बुद्धविहाराकडं निघायची. तुम्ही म्हणाल तसंच घडायचं. मला शिकवताना मी पाण्याजवळ बोटं आखडून धरली, तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, “नदी खात न्हाय तुला, बोटं सरळ धर.” 

तुमच्यामागं लोक मला विचारायला लागले. दोन हजार पाचच्या पावसाळ्यात महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळला, त्यात वरून धरणाचं पाणी सोडलेलं. शेजारची मावशी दुपारी आली. मुलगा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला, हिचा सगळा संसार दोन म्हशींवर. म्हशी आत्ताच विहारापाशी न्याव्यात का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी काठी रोवली, चहा प्यायलो, मोजलं. तीन बोटं. राहू द्या म्हणालो. आणि दिवस मावळायच्या आत पाणी वस्तीमागच्या ओढ्यातून आलं. पुढं नदीकाठी काठी तशीच उभी, आणि मागं विहाराची वाट बुडालेली. होडी आली तेव्हा मावशी छातीभर पाण्यात दावं सोडवत होती. आम्ही तिला ओढून होडीत घेतलं. म्हशी दाव्यालाच राहिल्या. विहारात सगळे ओले बसलेले असताना ती माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, “तुझ्या बाच्या काठीनं माझ्या म्हशी बुडिवल्या की रं.”

मलाही तेच वाटलं, आबा. तुम्ही मला पुढून येणारं पाणी बघायला शिकवलंत, मागून येणारं कधीच नाही. चार दिवसांत पडणारा पाऊस तुमच्या बोटांत कुठं बसतो? ज्या नदीवर तुम्ही एवढा भरवसा ठेवायला लावलात तिनंही फसवलं, आणि तुम्हीही. आता पाणी वाढलं की सरकारी जीप भोंग्यावरून सांगत फिरते, लोक तिचं ऐकतात. मावशी दारावरून जाते, मान वळवत नाही. मी जून लागला की रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधतो. बायको म्हणते, “अवो, ऊन पडलंय भाईर.” तरी सोडत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवतो. तुमच्या शेवटच्या पावसाळ्यात खाटेवरून तुम्ही मला म्हणाला होता, “पाऊस पयल्यासारखा ऱ्हायला न्हाय. माझी बोटं चुकाय लागल्यात. इथनं पुढं कुणालाबी ऱ्हावा म्हणू नगंस.” मी व्हय म्हणालो होतो. पण लोक दारात येऊन विचारायचे, ते मला बरं वाटायचं. मावशीला हे मी अजून सांगितलेलं नाही.