ताशी अडुसष्ट आणि तत्त्वाचा प्रश्न

४ मार्च, दुपार
आज पोलिसांनी अडवलं. पन्नासच्या रस्त्यावर अडुसष्ट म्हणे. लायसन्स मिळून तीन महिने झालेत, आणि माझ्यासारख्या सावध ड्रायव्हरवर ही वेळ! पोलीसबाई तशा चांगल्या. मी म्हणालो, मागे पडदे आहेत, फार वेळ घडीत राहिले की चुरगळतात, म्हणून जरा लगबग. त्यांनी पडदे पाहिले, रंग छान आहे म्हणाल्या आणि पावती फाडली.

४ मार्च, संध्याकाळ
पावतीमागे पर्याय छापलेत. गुपचूप दंड भरा, पण मग लायसन्सवर ठपका. किंवा रविवारी दिवसभर वाहतुकीचा क्लास करा, ठपका माफ. किंवा चूक मान्य नसेल तर सुनावणीला या. हरलात तर दंडही, क्लासही, शिवाय लायसन्स महिनाभर जमा.
सुनावणीच. तत्त्वाचा प्रश्न आहे. आणि रविवारी मी उशिरा उठतो.
आत्याला सांगायचं नाही. पडद्यांचं दुकान तिचं, गाडी तिची, पोहोचवण्याचं खातं माझं. लायसन्स गेलं तर मी मागच्या खोलीत इस्त्रीवर. पण जाणारच नाही, तर तिच्या जिवाला घोर कशाला?

५ मार्च
आत्याला कळलं. मीच सांगितलं. तिने फक्त विचारलं होतं, काल उशीर का झाला. म्हणाली, क्लास कर आणि मोकळा हो. मी कायद्याची बाजू समजावली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे फारसे मतभेद झाले नाहीत.

८ मार्च
वकीलसाहेबांचा सल्ला घेतला. म्हणजे माझा मित्र. लॉच्या पहिल्या वर्षाला आहे, दुसऱ्यांदा. म्हणाला, वेग मोजणारं मशीन चुकलं एवढंच म्हण आणि तोंड बंद ठेव. पहिला मुद्दा उत्तम. दुसऱ्यात अनुभवाची कमतरता दिसते.

१२ मार्च
भाषण तयार. दुकानात पडद्यांसमोर म्हणून पाहिलं. ‘सत्य पडद्याआड राहत नाही’ या वाक्याला एक गिऱ्हाईक थबकलं. त्याने विचारलं, हा कुठल्या कापडात येतो?

१९ मार्च, सकाळ
आज सुनावणी. वकीलसाहेब येत नाहीत, उठलेच नाहीत. शर्टाला आत्याने इस्त्री करून दिली. म्हणाली, नीट बघून ठेव, लागेल.

१९ मार्च, दुपार
मॅजिस्ट्रेटबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मशीन चुकलं म्हणालो. त्यांनी विचारलं, कशावरून? मी तयारीतच होतो.
“मॅडम, पासष्टच्या पुढे गेलं की आमच्या गाडीचा आरसा थरथरतो. त्या दिवशी जराही थरथरला नाही.”
“एरवी थरथरतो?”
“हो ना!”
“रोज?”
“रोज नाही, मॅडम. रस्ता मोकळा मिळाला तरच.”
सगळे हसले. वातावरण पूर्ण माझ्या बाजूने.
निकाल: दंड, क्लास, लायसन्स महिनाभर जमा. पण इतका प्रामाणिक माणूस बऱ्याच दिवसांनी पाहिला, असं मॅडम स्वतः म्हणाल्या. नैतिक विजय माझाच.
गाडी कोर्टाबाहेर उभी, चालवायची मला बंदी. आत्याला फोन केला. दुकान बंद करून ती बसने आली. रस्ताभर एक शब्द बोलली नाही. भारावली असावी.

२१ मार्च
सध्या इस्त्री. धंद्याची ही बाजूही मला जवळून बघायचीच होती. एक पडदा जळला. इस्त्रीचा काटा चुकीचं दाखवतो. मशीनवर विसंबू नये, हेच तर मी कोर्टात सांगत होतो!

२४ मार्च, रविवार
क्लास झाला. सरांनी सगळ्यांकडून वदवून घेतलं: शेजारी बसलेल्यानेही गप्प राहू नये, वेग वाढला की ड्रायव्हरला लगेच सांगावं. मला मनापासून पटलं. शिकलेलं वाया घालवणाऱ्यांतला मी नाही.
न्यायला आत्या आली. पुलावर काटा छप्पन्नवर गेला. मी सांगितलं. नियम सांगितला, दंड सांगितला, ब्रेक लागायला किती अंतर लागतं तेही सांगितलं.
पूल संपल्यावर तिने गाडी कडेला घेतली. शांतपणे म्हणाली, “उतर.”
चालत आलो. वाटेत भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजीबाईंनी मला ओव्हरटेक केलं.