मजुरीच्या यादीतला सातवा माणूस

गुरुवार, संध्याकाळ. रोल्ला, शारजा

आज शेवटी बोललेच. खोर फक्कानच्या शेताचं टॅक्स रिटर्न भरायचं काम माझ्याकडे आहे. मालकांनी मजुरीच्या खर्चात सात नावं दिली, त्यात सातवा युसुफ. तो तर त्यांच्या घरचा स्वयंपाकी! शेतावर तो मला कधी दिसलेला नाही. आठवडाभर हा युसुफ डोक्यातून जाईना. गप्प बसावं? पण खोटं कसं भरू? आणि इतका जुना क्लायंट तुटला तर?

दुपारी फोन लावला. "सर, युसुफ का पगार फार्म के लेबर में नहीं आएगा. वो घर का खर्चा है."

 

ते म्हणाले, "लेकिन मजदूरों का खाना वही बनाता है. रोज गाडी में भेजता हूँ."

मला हे माहीतच नव्हतं! मग शेतासाठी जेवढं काम, तेवढाच पगार धरायचं ठरलं.

"खलास, बात खतम," ते हसले, "पहले पूछ लेती."

खरंच. विचारायच्या आधीच मी त्यांना लबाड ठरवून बसले होते. लाज वाटली, पण हलकंही वाटलं. माणूस चांगला निघाला, याचाच आनंद जास्त आहे.