थांबायला सांगणाऱ्याचं नाव

२२ एप्रिल
नारायणगावला वकीलबाईंकडे जाऊन आले. कामावरून काढल्याचं पत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी आधी पत्राची तारीख पाहिली, ८ जानेवारी. मग कॅलेंडर. म्हणाल्या, तक्रार नव्वद दिवसांत करायची असते, दोन आठवडे वर गेलेत. अकरा वर्षं फळांच्या पल्पच्या प्लांटमध्ये बॅचचं रजिस्टर मी लिहिलं, एक तारीख चुकली नाही. आणि स्वतःचीच...
उशीर माफ करा असा अर्ज करता येतो म्हणे. पण का थांबलात ते शपथेवर लिहायचं. "कोणी थांबवलं का तुम्हाला?" मी पत्र घडी करून पिशवीत ठेवलं.

२३ एप्रिल
कोणी थांबवलं ते पक्कं माहीत आहे. व्याही. सारिकाचे सासरे, आमच्याच प्लांटचे सुपरवायझर. पत्र आलं त्याच संध्याकाळी खोडदहून घरी आले होते. "विहीणबाई, कोर्टाची पायरी कशाला चढता? आंब्याचा हंगाम लागू द्या, मी घेतो तुमाला आत." फेब्रुवारीत विचारलं, तेच. मार्चमध्येही तेच. आता हंगाम लागला, पल्पच्या लाइनवर माझ्या जागी दुसरी बाई उभी आहे. माझा गुन्हा काय, तर मशीनला गार्डची जाळी नव्हती हे तपासणीच्या साहेबांना खरं सांगितलं.
हे म्हणतात, व्याह्यांशी वाकडं नको, पोर त्यांच्या घरात आहे. मला कळत नाही का?

२८ एप्रिल
खोडद. सारिकाला सातवा सरत आला. पहिलं बाळंतपण आपल्याकडे, म्हणून न्यायचा दिवस ठरवायला गेले. व्याह्यांनी पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला. मी म्हटलं, वकिलाला भेटले. हसले. "आता काय उपेग न्हाई त्याचा. नव्वद दिवस व्हऊन गेले की."
नव्वदचा आकडा मी काढलाच नव्हता.
म्हणजे मोजत होता माणूस. होळीला माझ्या घरी पुरणपोळी खाल्ली तेव्हाही मोजत होता. चहा तसाच ठेवून उठले. "पोरीचं काय ते बघू निवांत," मागून म्हणाले.

३० एप्रिल
सा.चा फोन. विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, "जेवताना बोलणं झालं व्हतं आई. मामंजी ह्यांना सांगत व्हते, नव्वद दिवस काढले की झालं. मला वाटलं तुला म्हाईत असंल."
"कधी?"
"संक्रांतीच्या आधी."
म्हणजे वाणाला माझ्या घरी आली तेव्हा तिला ठाऊक होतं. तिळगूळ दिला, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. व्याह्यांचा राग निदान बोलून दाखवता येतो. हिचं कोणाला सांगू?

३ मे
वकीलबाई म्हणाल्या, मोघम कारण टिकणार नाही. कोण, कधी, काय बोललं, सगळं हवं. आजारी होते असं लिहू का, विचारलं. नुसतं बघितलं माझ्याकडे. लाज वाटली. शेवटी बोलणं जसंच्या तसं टाइप करून घेतलं, नावाची जागा कोरी सोडली. सोमवारी सही.

५ मे, रविवार
सकाळी दारात गाडी. व्याही स्वतः सा.ला घेऊन आले, काही ठरलेलं नसताना. नारळ, पेढे. "आणून सोडली बघा. आमी माणुसकी सोडली न्हाई. आता तुमीबी जरा बघा." उंबऱ्यातून परत वळले. "बाळंत झाली की न्यायला मीच येनार. यायला तोंड ठेवा मला, विहीणबाई."
सा. नजर देत नाही. पाय सुजलेत, दुपारी तेल चोळून दिलं. खाली बघूनच म्हणाली, "नाव घालनार का?" मी म्हटलं, तू सांग, अजून थांबू का? रडायला लागली. मी जवळ घेतलं नाही.
उद्या दहाला बोलावलंय. वहीच्या मागच्या पानावर त्यांचं नाव लिहून पाहिलं, आडनावासकट. सा.चंही आडनाव आता तेच आहे.